डावीकडचा पक्षी

सेक्रेटरींच्या घरात पक्षी पाळले आहेत, ही बातमी साऱ्या इमारतीत सगळ्यांत शेवटी जर कोणाला कळली असेल, तर ती खुद्द सेक्रेटरींना. यात कोणाचा काही दोष नव्हता. नियम मोडल्याची तक्रार सेक्रेटरींकडे करायची असते. पण सेक्रेटरींनीच नियम मोडला तर ती कोणाकडे करायची, याबद्दल नियमावलीत अवाक्षर नव्हतं. नियमावली त्यांनी स्वतःच लिहिली होती. इमारतीत कोणताही प्राणी, पक्षी 'किंवा आवाज करणारा अन्य जीव' पाळता येणार नाही, हे कलम तर त्यांनी कित्येक रविवार घालवून घासूनपुसून तयार केलं होतं. 'अन्य जीव' या शब्दांवर ते विशेष खूश होते. त्यात बेडकापासून रातकिड्यापर्यंत सगळे आले, असं त्यांचं म्हणणं. त्यात तुम्हीही आलात, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

या कलमाचा आजवरचा एकुलता एक बळी म्हणजे बरोबर खालच्या घरात राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांचा पोपट. तो बिचारा त्यांच्या बहिणीकडे रवाना झाला. तेव्हापासून हेडमास्तर जिन्यात भेटले की सेक्रेटरींच्या डोक्याच्या बरंच वर कुठेतरी बघून हसत.

सेक्रेटरी नोकरीने वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानातून फिरायचं, काटा तपासायचा, वजनं ताडून बघायची, बरोबर असेल तर शिक्का मारायचा आणि नसेल तर पंचनामा करायचा, यात त्यांची हयात गेली होती. काटा मध्यावर उभा राहिला की जग ठीक चाललंय असं त्यांना वाटे. घरातही ते ताट पुढ्यात आल्यावर आधी ते समपातळीत आहे का ते बघत, असं बायको म्हणायची. पण ती अतिशयोक्ती झाली. ते नुसतं डोळ्यांनी बघत, हात लावत नसत.

तर एकदा एका भंगारवाल्याचा तराजू उलटा करून बघताना त्यांना एका पारड्याखाली सुतळीने करकचून बांधलेला पासंग सापडला. तो पासंग म्हणजे पाकिटासकट एक जुनी रेकॉर्ड होती. पंचनामा यथासांग झाला. भंगारवाला नेहमीप्रमाणे आपल्या लहान लेकरांच्या शपथा घेऊन मोकळा झाला. सेक्रेटरींचं लक्ष मात्र त्या पाकिटावरून हलेना. वर भडक केशरी आभाळ, मागे धूर सोडणारा डोंगर, आणि पुढे केसांत फूल खोचलेली एक बाई, जिला आपण नेमकं कुठे बघतोय हे ठाऊक नव्हतं आणि त्याची तिला फिकीरही नव्हती. हवाई बेटांचं संगीत, असं लिहिलं होतं. फुकट घेतली तर ती लाच, आणि जप्त केली तर ती जन्मभर कचेरीच्या कपाटात; म्हणून त्यांनी ती रीतसर विकत घेतली.

घरी पलंगाखाली सासऱ्यांनी दिलेला रेकॉर्ड प्लेयर होता, दोन स्पीकरांसकट. तो बाहेर काढला, धूळ पुसली, रेकॉर्ड लावली, आणि सेक्रेटरींचं जे काही व्हायचं होतं ते झालं.

आधी लाटा आल्या. मग मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडी सरकवत वाजवतात ती गिटार आली. सेक्रेटरींनी आजवर ऐकलेल्या गाण्यांत सूर कसे, या खुणेवरून त्या खुणेवर जात. इथला सूर खुणा मानतच नव्हता. तो एका ठिकाणाहून निघे आणि घसरत, रेंगाळत, मध्येच कुठेतरी टेकून पुढे जाई. कशावरच शिक्का मारता येऊ नये असं काहीतरी सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. मग मागच्या झाडीतून एक पक्षी ओरडला. पाकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरात खुलासा होता, तो त्यांनी भिंग लावून वाचला. वाजवणारी मंडळी कुठल्याशा बर्फाळ गावातली होती, एका चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात वाजवत होती, बेटावर त्यांतला एकही गेलेला नव्हता, आणि पक्ष्यांचे आवाज त्यांनी स्वतःच्या तोंडाने काढले होते.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, म्हणजे सगळंच खोटं. सेक्रेटरी हरखून गेले. लोकांची खोटी मापं पकडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला पहिल्यांदा असं एक खोटं भेटलं होतं ज्यात कोणाचंच नुकसान नव्हतं. न गेलेल्या माणसांनी न जाणाऱ्या माणसांसाठी बसल्या जागी एक बेट केलं होतं, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक होतं. सेक्रेटरी स्वतःही कुठे गेलेले नव्हते. लग्नानंतर बायकोला समुद्रावर न्यायचं ठरलं होतं, पण तेव्हा खात्याची फेरतपासणी निघाली, मग तिच्या इस्पितळात साथ आली, आणि मग कोणी तो विषय काढला नाही.

म्हणून त्यांना एकच गोष्ट हवी होती. बायकोने एकदा, फार नाही, एकदा त्यांच्या शेजारी बसून या रेकॉर्डची एक बाजू पुरी ऐकावी. त्यासाठी त्यांनी दिवाणखान्यात कोपरा सजवला. वेताच्या दोन खुर्च्या आणल्या. कुंडीत पाम लावला. दिव्यावर हिरवा कागद चिकटवला, तो पहिल्याच संध्याकाळी जळाला आणि त्याचा वास पुढे कित्येक दिवस पडद्यांना येत राहिला.

बायको इस्पितळात मेट्रन. इमारतीत तिला सगळे मेट्रनबाईच म्हणत, आणि हेडमास्तरांसकट सगळे तिला वचकून असत. दिवसभर नर्सा, डॉक्टर आणि रोग्यांचे नातेवाईक यांना शिस्तीत ठेवून ती घरी यायची, आणि घरी आली की बसायची नाही. बसणं हा प्रकारच तिला ठाऊक नव्हता. तिने त्या दुसऱ्या खुर्चीकडे एकवार बघितलं, चांगली आहे म्हणाली, आणि तिच्यावर दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला. तो ढीग घड्या होऊन कपाटात जाईपर्यंत दुसरा तयार होई. सेक्रेटरी रोज संध्याकाळी स्वतःच्या टॉवेलांशेजारी बसून बेटावर जात.

आता दुसऱ्या स्पीकरची गोष्ट. ती इथे सांगायला हवी, कारण सगळं रामायण त्या खोक्यामुळे घडलं. दिवाणखान्यात दोन खोकी ठेवायला मेट्रनबाईंनी साफ नकार दिला. एक तुमचं, दुसरं काय डोक्यावर घेऊ, असं त्या म्हणाल्या. तेव्हा समोरच्या दारातले दंतवैद्य मदतीला धावले. हे दंतवैद्य दात सोडून सगळ्या विषयांतले तज्ज्ञ होते. स्टीरिओचं मर्म म्हणजे अंतर, डावं आणि उजवं जितकं लांब तितकी मजा, हे त्यांनी जिन्यात उभं राहून समजावलं. सेक्रेटरींना ते शास्त्रीय वाटलं. डावं खोकं खुर्चीजवळ राहिलं आणि उजवं, लांबलचक वायर ओढून, पार मागे स्वयंपाकघरात फडताळावर चढलं. मेट्रनबाईंनी त्यावर लोणच्याची बरणी ठेवली आणि दार लावून घेतलं. त्यामुळे सेक्रेटरींना आयुष्यात कधी रेकॉर्डची उजवी बाजू ऐकूच आली नाही, आणि ती आहे हेही ते यथावकाश विसरले.

उलट त्यांनी जे ऐकू येत होतं त्याचा एक सिद्धांत बांधला. डाव्या खोक्यातला पक्षी एकदा ओरडला की मध्ये बराच वेळ नुसता ढोलाचा ठेका राही, मग तो पुन्हा ओरडे. या मधल्या रिकाम्या जागेवर सेक्रेटरी फिदा होते. ते डोळे मिटून दंतवैद्यांना सांगत की खरी कला तिथेच आहे. पक्षी हाक मारतो, आणि रान नुसतं ऐकतं, उत्तर देत नाही. दंतवैद्यही डोळे मिटत. ते बहुधा झोपत असावेत.

खाली हेडमास्तरांना मात्र रान उत्तर देताना स्पष्ट ऐकू येत होतं. दिवाणखान्याच्या वरून एक पक्षी ओरडे आणि लगेच स्वयंपाकघराच्या वरून दुसरा. रोज, दिवेलागणीला. चाळीसेक वर्षं मुलांना निबंध लिहायला लावलेल्या माणसाने यावरून काढायचा तो निष्कर्ष काढला, आणि पशुपक्षी खात्याकडे सुवाच्य तक्रार केली.

खात्याचा इन्स्पेक्टर एका संध्याकाळी हेडमास्तर आणि दंतवैद्य यांना पंच म्हणून सोबत घेऊन दारात उभा राहिला. मेट्रनबाई अजून इस्पितळातून यायच्या होत्या. सेक्रेटरींनी इन्स्पेक्टरला वेताच्या मोकळ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः टॉवेलांशेजारी उभे राहिले. इन्स्पेक्टरने तक्रार वाचून दाखवली. परदेशी जातीच्या पक्ष्यांची जोडी विनापरवाना पाळली आहे. एवढ्यावर ती थांबत नव्हती. नराला दिवाणखान्यात आणि मादीला स्वयंपाकघरात, मध्ये दार लावून, वेगवेगळं कोंडून ठेवलं आहे. दोघं रोज संध्याकाळी एकमेकांना हाका मारतात आणि त्यांची भेट होऊ दिली जात नाही. हे ऐकून शेजाऱ्यांच्या काळजाला घरं पडतात. शेवटचं वाक्य वाचलं जात असताना हेडमास्तरांनी मान खाली घातली. वाक्य त्यांचं होतं.

सेक्रेटरींना संताप आला. तोही आरोपाचा नव्हे, आकड्याचा. जन्मभर मापात चूक न केलेला माणूस तो. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साफ चुकीचं आहे हे. पक्षी एकच आहे."

इन्स्पेक्टरने ते शांतपणे लिहून घेतलं. एका पक्ष्याची कबुली.

पुढे सेक्रेटरींनी जी काही सारवासारव केली, ती न सांगितलेली बरी. पक्षी म्हणजे पक्षी नाही, माणूस आहे; म्हणजे माणूस इथे नाही, रेकॉर्डमध्ये आहे. त्यांनी पाकीट दाखवलं. इन्स्पेक्टर म्हणाला मजकूर परक्या भाषेत आहे, सरकारमान्य भाषांतर जोडा. मग थांबा, वाजवूनच दाखवतो, म्हणून सेक्रेटरींनी रेकॉर्ड लावली, आणि खोक्यातून रस्ता खणावा तसा आवाज आला. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दंतवैद्य मात्र चुळबुळ करू लागले. आदल्याच दिवशी, सेक्रेटरी बाजारात गेले असताना, प्रेमापोटी त्यांनी आपल्या हत्याराने रेकॉर्ड प्लेयरची सुई साफ केली होती. कीड लागली होती, ते म्हणाले, काढली.

नवी सुई मिळेना. दुकानदार सुईकडे बघून म्हणाला की ही आता बनत नाही, बाहेरून मागवावी लागेल, आणि येईलच असं नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, फाइल उघडली की मिटवावी लागते. पक्षी जप्त, पक्षी मृत किंवा पक्षी स्थलांतरित, यांतलं काहीतरी घडलं पाहिजे. पक्षी नव्हताच असं घडत नसतं. सेक्रेटरींना हे बोलणं फार ओळखीचं वाटलं. दुकानदारांशी ते स्वतः याच सुरात बोलत, आणि दुकानदारांचे चेहरे असे का होतात हे त्यांना आज समजलं. शेवटी खूप रदबदली झाल्यावर इन्स्पेक्टरने एक वाट दाखवली. तो आवाज माणसाचा आहे ना? मग माणसाने तो पंचांसमोर काढून दाखवावा. हेडमास्तर इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी जागच्या जागी सर्वसाधारण सभा बोलावली. विषय दोन ठेवले: सेक्रेटरींचा आवाज, आणि तो न निघाल्यास सेक्रेटरींचा राजीनामा.

सेक्रेटरी न्हाणीघरात सराव करू लागले. तिथे आवाज घुमतो म्हणून आधी धीर आला, मग बाहेर आल्यावर गेला. पक्षी जिभेच्या टोकावरून सुरू होई, घशात जाई आणि खोकला होऊन बाहेर पडे. कचेरीत त्यांनी एका किराणा दुकानदाराला नकळत पक्ष्याच्या आवाजात नाव विचारलं, तेव्हा त्याने न बोलता सगळी वजनं काढून समोर ठेवली. रेकॉर्ड गेली, कोपरा गेला, आता नावही जाणार. सगळ्यांत वाईट हे की ज्या बाईने शेजारी बसून ऐकावं म्हणून हा खटाटोप केला, तिच्या इमारतीतल्या इभ्रतीलाही आता आपल्यापायी डाग लागणार, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

एकदा न्हाणीघराच्या दाराबाहेरून मेट्रनबाई म्हणाल्या, "तुम्ही एकदा ओरडलात की फार लवकर परत ओरडता. जरा थांबत जा."

सेक्रेटरींना वाटलं, ही पण चेष्टा करते आहे. तोंडावर पाणी मारून ते तसेच उभे राहिले.

सभा खाली वाहनतळात भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि एरवी सभेला कधी न फिरकणारी कुटुंबंही झाडून हजर होती. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला कधी एवढी गर्दी झाली नव्हती, हे सेक्रेटरींच्या नजरेतून सुटलं नाही. पुढे टेबलाशी हेडमास्तर आणि इन्स्पेक्टर. मेट्रनबाई इस्पितळातून परस्पर आल्या होत्या; गणवेशातच, मांडीवर पिशवी घेऊन शेवटच्या रांगेत बसल्या. ती बसलीय, एवढं सेक्रेटरींना दिसलं. बसली, पण इथे, आणि हे ऐकायला.

सेक्रेटरींनी आधी प्रास्ताविक केलं. हवाई बेटांचा भूगोल, गिटारीची रचना, मानवी मनाला दूरच्या प्रदेशांची ओढ का वाटते वगैरे. हेडमास्तर म्हणाले, प्रस्तावना लांबते आहे, मुद्द्यावर या. मग सेक्रेटरींनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं, ओठ आवळले आणि जोर लावला. नुसती हवा निघाली. कोणीतरी फिस्सकन हसलं. दंतवैद्यांनी बसल्या जागेवरून, जबडा सैल सोडा, असा सल्ला दिला. दुसऱ्या खेपेला खोकला आला. इन्स्पेक्टरने पेन उघडलं. सेक्रेटरींनी डोळे मिटले. आपण दिवाणखान्यात आहोत, शेजारी टॉवेल आहेत, लाटा येऊन गेल्या आहेत, आता आपली पाळी, असं त्यांनी मनाला बजावलं, आणि तिसऱ्या खेपेला पक्षी आला. लख्ख, उंच, शेवटी वळण घेऊन वर जाणारा. वाहनतळात तो असा घुमला की पलीकडच्या भिंतीवरचं खरंखुरं कबूतर उडालं.

सेक्रेटरी स्वतःही थक्क झाले.

हेडमास्तर मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की हा झाला दिवाणखान्यातला. तक्रारीत दोन पक्षी आहेत. स्वयंपाकघरातला कुठे आहे? इन्स्पेक्टरने कागद बघून मान डोलावली. सेक्रेटरी काकुळतीला येऊन म्हणाले की दुसरा पक्षी नाहीच हो, रानात एकच आहे, तो हाक मारतो आणि उत्तर येत नाही, त्यातच तर सगळं आहे. पुन्हा नीट ऐका, असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा हाक मारली.

आणि शेवटच्या रांगेतून उत्तर आलं.

जाड, खालच्या पट्टीतलं, दोन ठोके देऊन घुटमळत संपणारं. बरोबर त्या रिकाम्या जागेत, ना आधी ना नंतर. सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. मेट्रनबाई पिशवीवर हात ठेवून सरळ बसल्या होत्या, चेहरा नेहमीचाच, वॉर्डात फेरी मारताना असतो तसा. सेक्रेटरी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग न ठरवता त्यांनी पुन्हा हाक मारली. तिने पुन्हा उत्तर दिलं. रेकॉर्डवर पुढे एका जागी डावा पक्षी लागोपाठ दोनदा ओरडतो. सेक्रेटरी दोनदा ओरडले, तर तिकडून एकदाच, पण लांबवून उत्तर आलं. आता सेक्रेटरींच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. फडताळ. लोणच्याची बरणी. उजवं खोकं. ज्या बाईला आपण एक बाजू ऐक म्हणून विनवत होतो, ती इतके महिने बंद दाराआड, भाजी चिरता चिरता, दुसरी बाजू पाठ करून बसली होती. त्यांना एकाच वेळी हसू आलं, लाज वाटली आणि डोळे भरून आले, आणि या तिन्हींमुळे पुढची हाक पार चिरकली. तिने तरीही उत्तर दिलं.

इन्स्पेक्टरने फाइलमध्ये लिहिलं की दोन पक्षी प्रत्यक्ष आढळले, दोन्ही माणसं असून कायदेशीर जोडपं आहे, सबब जप्तीचा प्रश्न उद्भवत नाही. मग हेडमास्तरांनी जरा पडेल आवाजात विचारलं की घरात माणसांनी ओरडलेलं चालतं, तर मग पोपटाचं काय. यावर सेक्रेटरींनी उभं राहून 'पक्षी' आणि 'आवाज करणारा अन्य जीव' हे शब्द वगळण्याची सूचना स्वतःच मांडली. मेट्रनबाईंनी बसूनच अनुमोदन दिलं. हेडमास्तर पहिल्यांदा सेक्रेटरींच्या डोळ्यांत बघून हसले, आणि उठून बहिणीला फोन करायला गेले.

दोघं जिना चढून घरी आली. आत आल्यावर मेट्रनबाईंनी पिशवी खुंटीला लावली, चपला काढल्या, आणि दिवाणखान्यातल्या वेताच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी उचलून पलंगावर टाकला. घड्या न करता. मग त्या खुर्चीत बसल्या. खुर्चीने पहिल्यांदा वजन पेलल्याचा आवाज केला.

सेक्रेटरी रेकॉर्ड हातात घेऊन उभे होते. त्यांना एकदम आठवलं आणि रडू यायचं तेवढं राहिलं.

"अगं," ते म्हणाले, "सुई मोडलीय."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी पाय लांब केले आणि डोळे मिटले. "तुम्ही सुरू करा. माझं नंतर येतं."